ब्योमकेश बक्षी: मालिका आणि मूळ कथा (चर्चा)

पाऊलवाट:
बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' ही दूरदर्शनवरची हिंदी गुप्तहेर मालिका पुन्हा सलग पाहिली. पहिलं पर्व १९९३चं, दुसरं १९९७चं. सोबत शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या मूळ बंगाली कथाही क्रमाने वाचायला घेतल्या. इथल्या बहुतेकांनी आधी मालिका पाहिली असणार आणि पुस्तकं नंतर हातात आली असणार. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडते. मालिका मला अतिशय प्रिय आहे. ब्योमकेश झालेला राजित कपूर पडद्यावर आला की आजही दुसरं काही सुचत नाही. पण कथांचा जो सगळ्यात मोठा गुण आहे तो मालिकेत उतरलाच नाही, असं आता वाटतं. तो गुण म्हणजे काळ. कथांमधला ब्योमकेश म्हातारा होत जातो. कथा सांगणारा त्याचा मित्र अजित, त्याची आणि ब्योमकेशची ओळख होते ते साल १३३१ बंगाब्द, म्हणजे १९२४-२५. तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. शेवटच्या कथांपर्यंत १९६०चं दशक उजाडलेलं असतं. त्याचं लग्न झालंय, मुलगा आहे, कोलकात्यातल्या हॅरिसन रोडवरची भाड्याची जागा सोडून तो केयातल्याला स्वतःच्या घरात राहायला गेलाय. मधल्या काळात महायुद्ध, दंगली, स्वातंत्र्य, फाळणी, काळाबाजार असं सगळं त्या शहरावरून गेलंय आणि प्रत्येक गोष्टीने नवा गुन्हेगार जन्माला घातलाय. मालिकेत मात्र सगळे भाग एकाच 'जुन्या काळात' घडतात असं वाटत राहतं.

मालिकेने ब्योमकेश घरोघरी पोचवला, पण त्याचं कोलकाता मागे राहिलं. पटतंय का? की मी फार ताणतेय?

रहस्य फोडणार असाल तर वर तशी सूचना लिहा, ही विनंती.

रातकिडा:
पहिला नंबर! सविस्तर नंतर लिहितो. तूर्त एवढंच, की आनंद शंकर यांचं शीर्षकसंगीत वाजलं की अंगावर काटा येतो तो येतोच.

चहाबाज:
ब्योमकेशच्या घरी नोकर पुंटीराम जितक्या वेळा चहा आणतो, तितक्या वेळा माझ्या घरी कुणी आणला तर मीही दोन-चार खून सहज उलगडून दाखवेन.

अनामिका_७:
ताई, ताणत नाहीयेस, पण मालिकेवर थोडा अन्याय होतोय. अर्ध्या तासाचा भाग, दूरदर्शनचं बजेट, बहुतेक प्रसंग घरात किंवा बैठकीच्या खोलीत. त्यात १९४६ची दंगल कशी उभी करणार? बासूदांनी जे हातात होतं त्याचं सोनं केलं. त्यांचा हातखंडा कशात? दोन-तीन साधी माणसं खोलीत बसून बोलत आहेत आणि आपण खिळून बसलोय, यात. 'एक रुका हुआ फ़ैसला' आठवा. सगळा सिनेमा एका खोलीत. त्यातले के. के. रैना इथे अजित झाले, हा योगायोग नाही. शोधकथा ही मुळात माणसांच्या बोलण्यातून उलगडणारी गोष्ट आहे, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं.

पाऊलवाट:
@अनामिका, बजेटचा मुद्दा मान्य. पण काळ दाखवायला दंगलच उभी करावी लागते असं नाही. पोलिसांचंच बघ. सुरुवातीच्या कथांमध्ये विधुबाबूंसारखा अधिकारी ब्योमकेशला हिडीसफिडीस करतो, आपल्या हुद्द्याचा तोरा मिरवतो. ती ब्रिटिशांची नोकरी आहे. शेवटी शेवटी राखालबाबू येतात. ते ब्योमकेशला वडीलधाऱ्यासारखा मान देतात आणि आपणहून सल्ला विचारायला घरी येतात. मधे कितीतरी वर्षं गेलीत, हे लेखकाला सांगावंच लागत नाही. एवढं तर दोन खुर्च्या आणि एका टेबलावरही दाखवता आलं असतं.

बाराखडी:
मी बरीच वर्षं नोकरीनिमित्त कोलकात्यात होते आणि या कथा हळूहळू बंगालीतून वाचल्या. एक गोष्ट अनुवादात दिसत नाही, ती सांगते. सुरुवातीच्या कथा साधू भाषेत आहेत, म्हणजे जुन्या ग्रांथिक वळणाच्या बंगालीत. पुढच्या कथा चलित भाषेत येतात, जशी माणसं खरोखर बोलतात तशी. त्यामुळे पाऊलवाट म्हणतेय तो काळ नुसता प्रसंगांत नाही, अजितच्या लेखणीतही सरकतो. तरुण अजित जरा नटवून लिहितो, पिकलेला अजित गप्पा मारल्यासारखं लिहितो.

आणि शेवटच्या काही कथांत तर अजित निवेदक म्हणून उरतच नाही. त्याने पुस्तकांच्या प्रकाशनाचा व्यवसाय काढलेला असतो, त्यात तो गुंतलेला असतो. तिथे वाचताना मला फार चुकल्यासारखं झालं. घरातलं एक माणूस दुसऱ्या गावी गेल्यावर होतं तसं.

जुनी_फाईल:
अजितचा विषय निघालाच आहे तर, के. के. रैनांच्या अजितवर कुणी स्वतंत्र धागा काढला तरी मी येईन. गुप्तहेराच्या मित्राला बावळट दाखवायची एक वाईट खोड असते, म्हणजे नायक आणखी हुशार दिसतो. इथे अजित लेखक आहे, सुशिक्षित आहे, कधी कधी ब्योमकेशवर चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त असतं. 'मकड़ी का रस' बघा. ब्योमकेश दुसऱ्या कामात अडकलाय म्हणून अजित एकटा, कोळ्याच्या रसाची नशा करणाऱ्या म्हाताऱ्या नंददुलालबाबूंच्या घरी जाऊन सगळं पाहून येतो. ब्योमकेश ते नुसतं ऐकतो आणि कोडं सोडवतो. आता यात मोठेपणा कुणाचा? मी म्हणेन निम्मा अजितचा. त्याने काय पाहिलं आणि किती नेमकं सांगितलं, यावरच सगळं उभं आहे. ज्याला नीट पाहता येत नाही त्याच्या सांगण्यावरून कुणीही काही सोडवू शकत नाही.

निळाई:
+१०० जुनी_फाईल. तो भाग माझाही सर्वात लाडका.

डॉ_गुळवेल:
(सूचना: या प्रतिसादात रहस्यं फुटतात. ज्यांना नको त्यांनी पुढचा प्रतिसाद गाठा.)

पेशाने डॉक्टर असल्यामुळे मला या कथांतली हत्यारं फार आवडतात. ग्रामोफोनची पिन, आगकाडी, साळिंदराचा काटा, मानेत खुपसलेली सुई. पिस्तूल जवळजवळ नाहीच. घरात पडलेली, कुणाचं लक्ष जाणार नाही अशी वस्तू घ्यायची आणि तिच्यात मरण लपवायचं.

यातलं शास्त्र कुठे पक्कं, कुठे पातळ? साळिंदराच्या काट्याच्या कथेत एका माणसाचं हृदय उजवीकडे असतं म्हणून तो वाचतो. हे शंभर टक्के खरं आहे. दुर्मिळ आहे, पण अशी माणसं असतात आणि पुष्कळदा त्यांना स्वतःलाही माहीत नसतं, इतर कशासाठी तपासणी केली की कळतं. मानेतली सुईही पटण्यासारखी, कारण कवटी आणि मणक्यांच्या सांध्याशी मेंदूचा जो भाग असतो तो श्वास चालवतो. तिथे इजा झाली तर माणूस ओरडूही शकत नाही. मारणाऱ्याला शरीररचना माहीत हवी, आणि हाच तिथला धागादोरा आहे. कोळ्याच्या रसाची नशा मात्र मला पटत नाही. टॅरँट्युला कोळ्याचं नाव मोठं आणि रूप भयंकर असलं तरी त्याचा दंश माणसाला फारसा धोकादायक नसतो, आणि तो रस चाटून झिंग चढेल हे अवघडच. पण गंमत अशी की त्या कथेतला खरा प्रश्न 'रस म्हणजे काय' हा नाहीच. एवढा पहारा असताना तो म्हाताऱ्यापर्यंत पोचतो कसा, हा आहे. त्याचं उत्तर चोख आहे.

सुपारी:
अहो डॉक्टर, सूचना वाचूनही मी वाचलंच. आता काय करू?

डॉ_गुळवेल:
@सुपारी, खुशाल बघा. यातल्या एकाही कथेत खुनी कोण हे मी सांगितलेलं नाही!

रातकिडा:
आलो परत. 'रास्ते का काँटा' बद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? वर्तमानपत्रातली ती जाहिरात! ज्याला वाटेतला काटा दूर करायचा असेल त्याने शनिवारी संध्याकाळी व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहावं. बस, एवढंच. काय विकत आहेत, कोण विकतंय, कशाचा पत्ता नाही. व्हाइटवे लेडलॉ हे चौरंगीवरचं खरंखुरं साहेबी दुकान होतं. गोऱ्या लोकांच्या झगमगाटात, भर गर्दीत, हा व्यवहार चालायचा. पाऊलवाट ज्या कोलकात्याबद्दल बोलतेय ते मला या एका जाहिरातीत दिसतं.

ही, म्हणजे मूळ 'पथेर काँटा', ब्योमकेशची लिहिली गेलेली पहिली कथा, १९३२ची. 'सत्यान्वेषी' नंतर लिहिली, पण त्यात दोघांची पहिली भेट असल्यामुळे संग्रहात आणि मालिकेत तीच आधी येते.

शांत_वारा:
मी जरा वेगळा सूर लावतो. मला राजित कपूरचा ब्योमकेश कथांपेक्षा जास्त आवडतो. कथांमधला ब्योमकेश पुष्कळदा खोचक आहे, अजितला खिजवतो, माहिती दडवून ठेवतो आणि शेवटी जादूगारासारखी पोतडी उघडतो. कपूरने त्याचं हे टोक घासून गुळगुळीत केलं. त्याचा ब्योमकेश ऐकतो. समोरचा खोटं बोलत असला तरी मधे तोडत नाही, नुसतं किंचित हसतो. धोतर-कुडत्यातला, सिगारेट ओढणारा, आवाज न चढवणारा हा माणूस बुद्धीचा बडेजाव न करता बुद्धिमान वाटतो. पडद्यावर हे फार कठीण असतं.

बाराखडी:
@शांत_वारा, तो गुळगुळीतपणाच मला खटकतो. मूळ ब्योमकेश जिथे खोचक आहे तिथे त्याला कारण आहे. 'आदिम रिपु'मध्ये तो स्वतःबद्दल थोडं बोलतो. वडील शाळेत गणित शिकवायचे आणि घरी सांख्य दर्शन वाचायचे, आई वैष्णव घराण्यातली, नंदगोपालाच्या सेवेत. दोघेही तो सतरा वर्षांचा असताना क्षयाने गेले. पुढे तो शिष्यवृत्तीवर शिकला. असं एकट्याने वाढलेलं पोर जगाकडे जरा तिरकं बघणारच. घरात एकीकडे गणित आणि तर्क, दुसरीकडे भक्ती. मला त्याच्या तपासात दोन्ही दिसतात. धागे जुळवताना तो वडिलांचा मुलगा असतो आणि शेवटी गुन्हेगारासमोर उभा राहतो तेव्हा आईचा.

शांत_वारा:
हे वाचून 'आदिम रिपु' पुन्हा वाचायला घ्यावंसं वाटतंय. तरी मत कायम!

कायदेपंडित_नाही:
आयडीवर जाऊ नका, वकिली करते. मला या कथांत सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न दुसराच आहे. ब्योमकेश पोलीस नाही. त्याच्यावर कायद्याचं बंधन साध्या नागरिकाइतकंच. काही कथांत तो गुन्हेगार ओळखतो आणि सोडून देतो, किंवा त्याला आपला शेवट आपण करायला मोकळीक देतो.

(सूचना: 'आदिम रिपु'चा शेवट.)

१९४६च्या दंगलीनंतरचं कोलकाता, घरात काळ्या पैशाचा ढीग, खून. ब्योमकेशला खुनी कळतो. आणि तो काय करतो? त्या नोटा जाळून टाकतो आणि खुन्याला जाऊ देतो. देश स्वतंत्र होत असताना. ज्याचा खून झाला तो काळाबाजारवाला, ज्याने केला त्याच्यावर लहानपणापासून अन्यायच झालेला. न्यायालयात मी याचं समर्थन करू शकणार नाही. खून तो खून. पण वाचताना मला त्याचा राग येत नाही, आणि हे मला अस्वस्थ करतं. नव्या देशाची सुरुवात तो एका फाशीने होऊ देत नाही आणि काळ्या पैशानेही होऊ देत नाही, असं मी त्याकडे पाहते. पण हे ठरवायचा अधिकार त्याला कुणी दिला?

जुनी_फाईल:
कुणीच नाही, आणि लेखकाला ते माहीत होतं. शरदिंदु स्वतः कायदा शिकलेले होते. कायदा कुठे संपतो हे कळल्याशिवाय असा शेवट लिहिता येत नाही.

अनामिका_७:
मला त्या शेवटाची भीती वाटते. आज एका सज्जन माणसाने सोडलं, उद्या दुसरा कुणी स्वतःला सज्जन समजून सोडेल. ब्योमकेशवर माझा विश्वास आहे, पण पद्धतीवर नाही.

कायदेपंडित_नाही:
@अनामिका, अगदी हेच. माझ्या कारकिर्दीत 'पण तो माणूस चांगला होता हो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंकडून.

कोथिंबीर:
आता माझी पुडी सोडते. शरदिंदु पुण्यात राहायचे हे किती जणांना माहीत आहे?

१९३८मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी कथा-पटकथा लिहायला मुंबईला आले. सिनेमात रमले आणि ब्योमकेश थांबला. जवळजवळ पंधरा वर्षं एकही कथा नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला 'चित्रचोर' आली आणि ब्योमकेश परतला. १९५२मध्ये त्यांनी सिनेमाला रामराम ठोकला आणि पुण्यात घर केलं. म्हणजे 'आदिम रिपु' आणि त्यानंतरच्या बहुतेक कथा, ज्यांतलं कोलकाता वाचून आपण वेडे होतो, त्या इथे, आपल्याकडे मुक्काम असताना लिहिल्या गेल्या!

रातकिडा:
काय सांगतेस! एवढी वर्षं मी ब्योमकेश वाचतोय आणि हे माहीत नव्हतं.

पाऊलवाट:
कोथिंबीर, धाग्याचं सोनं केलंस. माझ्या प्रश्नाला हे फार जवळून लागतं. कदाचित लांब राहिल्यामुळेच त्यांना शहराचं बदलणं दिसलं असेल. रोज त्याच गल्लीतून जाणाऱ्याला गल्ली बदललेली कळत नाही.

बाराखडी:
शिवाय त्यांनी महाराष्ट्रावरही लिहिलंय. 'सदाशिव' नावाच्या पोराच्या कथा आहेत, मुलांसाठी. हा मावळातला अनाथ, धाडसी मुलगा शिवाजी महाराजांच्या माणसांत सामील होतो आणि एकेक कामगिरी पार पाडतो. बंगालमधल्या कित्येक पिढ्यांना सह्याद्रीचे किल्ले पहिल्यांदा भेटले ते या सदाशिवमुळे. कोलकात्यात मी मराठी आहे म्हटल्यावर एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सदाशिवबद्दल. तेव्हा मला तो माहीत नव्हता, मग त्यांनीच पुस्तक दिलं. ऐतिहासिक लेखनात त्यांचा हात फार मोठा. विजयनगरवरच्या 'तुंगभद्रार तीरे'ला रवींद्र पुरस्कार मिळालाय.

पतंग_उडव:
सदाशिव मराठीत कुणी आणला पाहिजे. मी पहिली प्रत घेईन.

निळाई:
विषय महाराष्ट्राकडे आलाच आहे, तर ब्योमकेशच्या बायकोबद्दल, सत्यवतीबद्दल बोला की कुणीतरी! आपली सुकन्या कुलकर्णी. 'आभाळमाया'तली सुधा जोशी घरोघरी पोचली त्याच्या कितीतरी आधी ती दूरदर्शनवर सत्यवती होती. बंगाली घरातली बाई वाटावी इतकी सहज. मला मात्र वाटतं की मालिकेने तिला पुरेसं दिलं नाही. चहा, काळजी, एखादी कोपरखळी, संपलं.

मनीप्लँट:
मालिकेने काय, शरदिंदुंनी तरी कुठे दिलंय? 'अर्थमनर्थम्'मध्ये ती केवढी ताकदीची आहे! भावाला खुनाच्या आरोपातून सोडवण्यासाठी धडपडणारी, घाबरलेली, पण ब्योमकेशसमोर न नमणारी. लग्न झालं आणि ती स्वयंपाकघरात गेली. हा काळाचा परिणाम हे कळतं, पण बोचतं. 'चित्रचोर'मध्ये तेवढी बरी सापडते. ब्योमकेश आजारातून उठलाय, हवापालटासाठी संथाल परगण्यात आलेत, आणि सत्यवती त्याच्या पथ्यापाण्यावर कडक पहारा ठेवून आहे. तिथलं नवराबायकोचं भांडण मला कुठल्याही खुनापेक्षा खरं वाटलं.

अनामिका_७:
आणि लग्नानंतरही अजित त्यांच्याच घरी राहतो, यावर कुणी काही बोलत नाही हे मला किती आवडतं! 'हा कोण, इथे का' असा प्रश्नच नाही. नवरा, बायको, मित्र, पुढे बाळ, आणि पुंटीराम. कुटुंब असंही असतं, हे मालिकेने न बोलता दाखवलं.

चहाबाज:
वहिनी, मित्र आणि चहा. आदर्श घर.

धुमकेतू२०१५:
सिनेमाचं नाव कुणीच घेत नाहीये म्हणून मी घेतो. २०१५चा दिबाकर बॅनर्जींचा. शिव्या पडतील, पण पाऊलवाटच्या मुद्द्यावर तोच सिनेमा सगळ्यात पुढे आहे. त्यांनी गोष्ट १९४३च्या कोलकात्यात आणली. जपानी बॉम्बची भीती, ट्राम, चिनी वस्ती, अफूचा धंदा. शहर हेच मुख्य पात्र आहे. सुशांत सिंह राजपूतचा ब्योमकेश अजून कच्चा आहे, चुकतो, धडपडतो, आणि तो कच्चाच असायला हवा, कारण गोष्ट त्याच्या सुरुवातीची आहे.

शांत_वारा:
शहर उत्तम, मान्य. पण त्या शहरात ब्योमकेश हरवला. शेवटची ती रक्ताची रंगपंचमी! ज्या माणसाच्या कथांमध्ये पिनेने आणि सुईने माणसं मरतात, त्याच्या सिनेमात तलवारी?

बाराखडी:
बंगालीत तर ब्योमकेशची रांगच आहे. सत्यजित राय यांच्या १९६७च्या 'चिडियाखाना'मधला चष्मेवाला उत्तमकुमार, ऋतुपर्ण घोष यांच्या शेवटच्या सिनेमातला सुजय घोष, आबीर चटर्जी, अनिर्बाण भट्टाचार्य. कोलकात्यात खरा ब्योमकेश कोण यावरून चहाच्या टपरीवर भांडणं होतात. पण त्या भांडणात राजित कपूरचं नाव आलं की आवाज खाली येतो. बंगाली नसलेल्या नटाला, हिंदी बोलणाऱ्या ब्योमकेशला, तिथे असा मान मिळतो. याहून मोठी पावती कोणती?

पतंग_उडव:
थोडं अवांतर: आपल्या बाबूराव अर्नाळकरांवर अशी काळ जपणारी मालिका का नाही? झुंजार, काळा पहाड, धनंजय. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिलेला माणूस. स्वातंत्र्याच्या आगेमागेची मुंबई, गिरण्या, गोदी, ट्राम, सगळं आयतं आहे.

जुनी_फाईल:
कारण अर्नाळकरांचे नायक वेगाने पळतात आणि ब्योमकेश खुर्चीत बसून विचार करतो. पळणारा नायक दाखवायला पैसे लागतात. तरी हे व्हायलाच हवं. वाचनालयात त्या पुस्तकांसाठी रांगा लावणारी पिढी अजून आहे, तिच्या आठवणी तरी कुणी लिहून घ्या. वेगळा धागा काढ, मी येतो.

सुपारी:
डॉक्टर, साळिंदराचा काटा पाहिला. दोन भाग सलग. सगळं माहीत असूनही शेवटपर्यंत जागची हलले नाही. हृदय कुठल्या बाजूला हे माहीत असून उपयोग काय, खरी गोष्ट त्या नवराबायकोची आहे! एकमेकांशी धड न बोलणारी दोन माणसं हळूहळू जवळ येतात, ते बघताना खुनी कोण हे मी विसरूनच गेले होते.

डॉ_गुळवेल:
@सुपारी, मला लिहायचं होतं ते तुम्ही चार ओळींत लिहिलंत.

कायदेपंडित_नाही:
मूळ प्रश्नाकडे येते. मधल्या दिवसांत 'अमृतेर मृत्यू' आणि 'मग्न मैनाक' लागोपाठ वाचल्या. पहिलीत युद्ध संपून सैनिक निघून गेलेत, पण त्यांची हत्यारं खेडेगावात लपून राहिलीत आणि स्वतंत्र देशातल्या एका पोराचा जीव त्यात जातो. दुसरीत पूर्व बंगालमधून आलेली मुलगी एका पुढाऱ्याच्या घरी आसऱ्याला आहे आणि तिचा मृत्यू होतो. दोन्हीकडे गुन्हा आज घडतोय आणि त्याचं मूळ इतिहासात आहे. पाऊलवाट, तुझं म्हणणं पटलं. हे मालिकेतून मला कधीच जाणवलं नव्हतं. तिथे मला खुनी कोण हे आठवतं, इथे खून का झाला हे.

अनामिका_७:
मी अजून मालिकेच्याच बाजूने. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती परत दाखवली, तेव्हा आमच्या घरी तीन पिढ्या एकत्र बघायला बसल्या. आई, मी आणि लेक. लेकीने त्यानंतर पुस्तकं मागितली. मालिका नसती तर ती या कथांपर्यंत पोचलीच नसती. काळ पुस्तकात आहे, मान्य, पण पुस्तकापर्यंतची वाट मालिकेतूनच जाते.

पाऊलवाट:
@अनामिका, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि शोधायचंही नाही. लेकीने कुठून सुरुवात केली?

अनामिका_७:
'सत्यान्वेषी'. पहिल्या बैठकीत संपवली. वसतिगृहवजा मेस, एकाच खोलीत राहायला आलेला तो अनोळखी अतुलचंद्र मित्र, होमिओपॅथीचे डॉक्टर अनुकूलबाबू. आता पुढे काय देऊ?

बाराखडी:
लिहिल्या गेल्या त्या क्रमानेच दे, उड्या मारू देऊ नको. 'पथेर काँटा', 'सीमांत हीरा', 'माकडसार रस', मग 'अर्थमनर्थम्', म्हणजे सत्यवती वेळेवर येईल. 'उपसंहार' मात्र 'सत्यान्वेषी' ताजी असतानाच वाचू दे, कारण तिथे एक जुना हिशेब चुकता व्हायचा असतो. आणि 'आदिम रिपु' थोडी मोठी झाल्यावर. एकूण पूर्ण कथा बत्तीस, शिवाय 'विशुपाल वध' अपुरी राहिलेली. बंगाली येत नसेल तर श्रीजाता गुहा यांचे इंग्रजी अनुवाद चांगले आहेत.

रातकिडा:
आणि प्रत्येक कथा वाचून झाली की मगच तो भाग दाखव. उलटं नको.

शांत_वारा:
उलटंच करा. आधी राजित कपूर!

पाऊलवाट:
मी पुढच्या आठवड्यात 'दुर्गरहस्य' वाचून त्याचा भाग पाहणार आहे. कुणी सोबत येणार असेल तर सांगा, इथेच लिहू. कायदेपंडित, तुला यावंच लागेल.

कायदेपंडित_नाही:
आले. पण यावेळी खुनी सोडला तर मी तक्रार नोंदवणार आहे.